पाठीवर ‘पास्टर’, पिशवीत स्लिपर

इंग्लंडला यायचं ठरलं तेव्हा घरच्या चर्चच्या मंडळीतल्या बऱ्याच जणांनी “ख्रिस्ती देशात चाललीस, तुझं बरं आहे” असं म्हणत निरोप दिला होता. कागदावर ते खरंच आहे. राजा हा चर्च ऑफ इंग्लंडचा प्रमुख, नाण्यावर त्याच्या नावापुढे ‘विश्वासरक्षक’ या पदवीची लॅटिन आद्याक्षरं, आणि संसदेच्या वरिष्ठ सभागृहात 26 बिशपांच्या जागा. पण 2021 च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये स्वतःला ख्रिस्ती म्हणवणारे 46.2 टक्के निघाले, म्हणजे पहिल्यांदाच निम्म्याहून कमी. ‘कुठलाच धर्म नाही’ म्हणणारे 37.2 टक्के. आणि त्या 46 टक्क्यांतले रविवारी उपासनेला किती दिसतात, ते आमच्या चर्चच्या रिकाम्या बाकांना विचारा.

इथं ख्रिस्ती माणसाला कुणी त्रास देतं असा समज करून घेऊ नका. अडचण संकोचाची आहे. 2003 मध्ये पंतप्रधान टोनी ब्लेअर यांना एका मुलाखतीत त्यांच्या श्रद्धेबद्दल विचारलं, तेव्हा त्यांचे माध्यम-सल्लागार ॲलस्टेर कॅम्पबेल मध्येच तोडून म्हणाले, आम्ही देवाच्या भानगडीत पडत नाही. ब्लेअर स्वतः भाविक. पद सोडल्यावर त्याच वर्षी, 2007 मध्ये, ते कॅथलिक झाले. म्हणजे श्रद्धा होती, फक्त बोलायची सोय नव्हती. ऑफिसातही तेच. धर्म म्हणजे इथं पगाराच्या आकड्यासारखा: ज्याचा त्याला ठाऊक, चारचौघांत काढायचा नाही.

कायदा मात्र बाजूने आहे. 2010 च्या समानता कायद्यात धर्म आणि श्रद्धेला संरक्षण आहे. नादिया एवेडा या ब्रिटिश एअरवेजच्या कर्मचारी बाईंचा खटला इथं बऱ्याच जणांना आठवतो. 2006 मध्ये गणवेशावर क्रूस दिसतो म्हणून त्यांना काम करू दिलं नव्हतं. पुढे कंपनीने नियम बदलला, पण बाई थेट स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयापर्यंत गेल्या आणि जानेवारी 2013 मध्ये जिंकल्या. त्याच निकालात शर्ली चॅप्लिन या नर्सबाई हरल्या, कारण वॉर्डात गळ्यातली साखळी रुग्णाच्या सुरक्षिततेच्या आड येते असं न्यायालयाला वाटलं. मला दोन्ही निकाल पटतात. आणि खरं सांगायचं तर माझ्या गळ्यातल्या क्रूसाची मला कधीच काही किंमत मोजावी लागलेली नाही. त्याच्याकडे कुणी बघतच नाही.

लोकांनी वळून बघितलं ते निळ्या जॅकेटकडे.

कॅम्पबेल यांनी ते वाक्य टाकलं त्याच वर्षी, जानेवारी 2003 मध्ये, लंडनच्या ब्रिक्स्टन भागात रेव्हरंड लेस आयझॅक यांनी ‘स्ट्रीट पास्टर्स’ सुरू केलं. तेव्हा त्या भागात टोळ्या आणि बंदुकांनी तरुण पोरांचे जीव जात होते, आणि चर्चची दारं संध्याकाळी कुलूपबंद. आयझॅक यांचं म्हणणं साधं होतं: पोरं रात्री रस्त्यावर असतील तर मंडळीनेही रात्री रस्त्यावर असायला हवं. पुढे हे काम देशभर पसरलं. आज बऱ्याच शहरांत शुक्रवार-शनिवारच्या रात्री, पब आणि क्लब सुटायच्या वेळी, वेगवेगळ्या चर्चमधली साधी माणसं, पाठीवर हे नाव असलेलं निळं जॅकेट घालून, गस्त घालताना दिसतात. नावात पास्टर असलं तरी पाळक क्वचितच असतात. आमच्या गटात एक प्लंबर आहे, एक बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ आणि मी. आधी प्रशिक्षण होतं: दारू आणि ड्रग्जचे परिणाम, प्रथमोपचार, ऐकून कसं घ्यायचं, पोलिसांशी कसं जुळवून घ्यायचं. पाळकाचं शिफारसपत्र आणि गुन्ह्यांच्या नोंदीची तपासणीही लागते.

रात्री दहाच्या सुमारास आम्ही चर्चच्या हॉलमध्ये जमतो. चहा, पवित्र शास्त्रातला छोटा उतारा, प्रार्थना. मग पिशव्या भरायच्या: पाण्याच्या बाटल्या, चंदेरी पातळ ब्लँकेट, उलटीच्या पिशव्या, छोटा झाडू आणि सुपली, लॉलीपॉप आणि रबरी स्लिपर. लॉलीपॉपला मी आधी हसले होते. पण भांडायच्या तयारीत असलेल्या माणसाच्या हातात तो दिला की तोंड आपोआप बंद होतं, आणि लॉलीपॉप चोखत कुणाच्या अंगावर धावून जाणं जरा अवघडच असतं. दोघंतिघं हॉलमध्येच थांबतात. आम्ही फोन करून सांगायचं, इथं मारामारी होईलसं दिसतंय, इथं एक पोरगा बेशुद्ध आहे, की ते तिथं प्रार्थनेला बसतात. रस्त्यावर थंडीत उभं असताना त्या फोनचा किती आधार वाटतो, ते सांगून कळणार नाही.

स्लिपरचं कारण मात्र पहिल्याच फेरीत कळलं. मध्यरात्र उलटली की उंच टाचांच्या बुटांनी पाय सोलवटलेल्या मुली बूट हातात घेऊन अनवाणी चालायला लागतात, आणि रस्त्यावर फुटक्या बाटल्यांचा सडा. अशीच एक मुलगी फुटपाथच्या कडेला बसलेली. गालावर काजळ ओघळलेलं, मैत्रिणी पांगलेल्या, फोन बंद पडलेला. आमच्या गटप्रमुख बाई निवृत्त शिक्षिका आहेत, गुडघे दुखरे. तरी त्या तिच्यासमोर गुडघे टेकून बसल्या, तिचा पाय मांडीवर घेतला, टॉर्च मारून काच रुतलीय का बघितली, ओल्या रुमालाने तळवा पुसला आणि स्लिपर चढवली. मग दुसरा पाय. योहानाच्या तेराव्या अध्यायावरची, म्हणजे पाय धुण्याची, प्रवचनं मी पुष्कळ ऐकली आहेत. टॉर्च मात्र कुठल्याच प्रवचनात नव्हता.

मुलीने जॅकेटवरची अक्षरं वाचली.

“तुम्ही खरंच चर्चवाल्या आहात?”

“हो.”

“याचे पैसे मिळतात?”

“नाही.”

“मग कशाला?”

“माझा येशूवर विश्वास आहे,” बाई म्हणाल्या. “आज रात्री तो इथं, तुझ्याशेजारी बसला असता, असं मला वाटतं.”

मुलगी थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, माझी आजी जायची चर्चला. आणि मग, फोनचा चार्जर आहे का?

नियम असा आहे की आपण होऊन प्रभूचा विषय काढायचा नाही. पण कुणी विचारलं तर टाळायचंही नाही. पहिल्याला संयम लागतो, दुसऱ्याला छाती. मला दुसरं जास्त जड जातं. “आम्ही समाजसेवा करतो” असं गुळमुळीत उत्तर ओठांवर तयार असतं आणि ते कुणालाच खटकणार नाही. तेच गिळून सरळ ‘येशूमुळे’ म्हणणं, तेही हातात बिअरचा कॅन घेऊन दात काढत उभ्या असलेल्या पाच-सहा पोरांसमोर, हे सोपं नाही. मात्र पोरं हसतात ती पहिल्या मिनिटाला. दुसऱ्या मिनिटाला त्यातला एखादा मागे रेंगाळतो आणि हळूच काहीतरी विचारतो.

आमच्या चर्चमधल्या एका तरुणाला हे सगळं मिळमिळीत वाटतं. तो दर शनिवारी दुपारी भर बाजारपेठेत माइक घेऊन सुवार्ता सांगतो. त्याला तो हक्क आहे. वेकफिल्डच्या कॅथिड्रलच्या पायऱ्यांवर प्रचार करणाऱ्या तीन बायकांना पोलिसांनी हटकलं आणि एकीवर खटला भरला. 1999 मध्ये उच्च न्यायालयाने तिला निर्दोष ठरवलं आणि बजावलं की, कुणालाही न खुपणारं तेवढंच बोलायची मोकळीक असेल तर त्या मोकळिकीला अर्थ नाही. हा तरुण मला रोमकरांस पत्राचा दहावा अध्याय ऐकवतो: ऐकलंच नाही तर लोक विश्वास कसा ठेवणार? मी त्याला याकोबाचा दुसरा अध्याय ऐकवते: उघड्या-उपाशी माणसाला “सुखाने जा, ऊब घ्या” म्हणून काय उपयोग? पाठांतर दोघांचंही चांगलं, त्यामुळे वाद लांबतो. पेचही खराच आहे. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात प्रभू सांगतो, तुमचा प्रकाश लोकांसमोर पडू द्या. सहाव्यात सांगतो, खोलीचं दार लावून प्रार्थना करा. माझ्यापुरतं मी असं ठरवलंय की कोण आहे ते पाठीवर मोठ्या अक्षरांत असावं आणि जीभ बोलावल्यावर यावी. त्याला हे पळवाटीसारखं वाटतं.

रस्ता एवढीच जागा आहे असंही नाही. ब्रॅडफर्डमध्ये जॉन कर्कबी यांनी 1996 मध्ये कर्जात बुडालेल्यांना बाहेर काढणारी संस्था सुरू केली आणि आज ती ठिकठिकाणच्या चर्चमार्फत काम करते. गरजूंना फुकट अन्न देणाऱ्या देशातल्या फूडबँकाही कितीतरी चर्चच्या हॉलमध्येच भरतात. ज्याला रात्र झेपत नाही त्याने तिकडे जावं.

माझा सोमवार मात्र बदलला. “वीकेंड कसा गेला?” या प्रश्नाला मी आता खरं उत्तर देते. पहिल्यांदा दिलं तेव्हा टेबलावर चमत्कारिक शांतता पसरली आणि कुणीतरी हवामानाचा विषय काढला. इथं तो कायम हाताशी असतो. पण काही आठवड्यांनी, देवधर्म काहीच न मानणारा एक सहकारी लिफ्टमध्ये म्हणाला, “तुम्ही लोक प्रार्थना करता ना? आईचं गुरुवारी ऑपरेशन आहे.” मी आईचं नाव विचारून घेतलं आणि शनिवारी हॉलमध्ये थांबणाऱ्यांनाही कळवलं.

फोनवर घरून हमखास विचारतात, मग किती जण प्रभूकडे आले? रात्रीच्या अहवालात तो रकाना नाही. उचललेल्या बाटल्या, वाटलेल्या स्लिपर, टॅक्सीत बसवून दिलेली माणसं, एवढंच आम्ही लिहितो. माइकवाल्या तरुणाला हा नसलेला रकानाच सगळ्यात जास्त खटकतो. एक रात्र येऊन स्वतः बघतो म्हणालाय. गटप्रमुख बाईंनी आनंदाने परवानगी दिली, अट एकच: माइक घरी ठेवायचा. तो “हो” म्हणाला खरा, पण पहाटेपर्यंत त्याला गप्प राहता येईल यावर आमच्या गटात कुणाचाच विश्वास नाही. प्लंबरने त्याच्यासाठी जास्तीचे लॉलीपॉप काढून ठेवलेत.