क्यूआर कोडशेजारची वही

जिची ही गोष्ट आहे त्या पेशंट मुलीला विचारून लिहितेय, आणि दोन-तीन गोष्टी मुद्दाम बदलल्यात, कोणत्या ते सांगत नाही.

सोलापुरात पूर्व भागात माझं छोटं आयुर्वेदाचं क्लिनिक आहे. आत तपासायची खोली, बाहेर पेशंटना बसायला बाकडं आणि त्याला लागूनच औषधाचं काउंटर. बिडी वळणाऱ्या बायका, यंत्रमागावरचे कामगार, त्यांची पोरंबाळं असे पेशंट, आणि निम्मे तरी एकमेकांना ओळखणारे.

तुळशीचं लग्न होऊन आठ-दहा दिवस झाले असतील. सकाळी एक काका आले, शुगरचे, माझे आठ वर्षांचे पेशंट. बीपी बघून झालं, औषध लिहून झालं, तरी उठेनात. मग खुर्ची जरा पुढं ओढून म्हणाले, "मॅडम, एक विचारू का? ती जुळे सोलापूरची पोरगी येते न्हवं तुमच्याकडं, स्कूटीवर? आमच्या पुतण्याला सांगून आलीय."

मी म्हटलं, "काका, माझ्याकडं कोण येतं, कोण येत नाही हे मी कुणालाच सांगत नाही. उद्या तुमच्याबद्दल कुणी विचारलं तरी हेच उत्तर."

असं स्थळाची चौकशी करायला येणं आमच्याकडं नवीन नाही. पूर्वी मी अशा वेळी पटकन म्हणायचे, छे हो, काही नाही तिला, चांगली आहे पोरगी. मनात वाटायचं भलंच करतोय. पण एकीबद्दल "काही नाही" म्हटलं आणि पुढच्या वेळी दुसरीबद्दल गप्प बसले तर त्या गप्प बसण्याचाच अर्थ लागतो ना, म्हणून आता सगळ्यांना एकच उत्तर, अगदी साध्या सर्दीवाल्याबद्दलसुद्धा.

काका म्हणाले, "तसं नाही ओ. बावची चालूय म्हणजे कोडच असणार की. फक्त किती आहे तेवढं सांगा."

बावची हे कोडावरचं, म्हणजे अंगावरच्या पांढऱ्या डागांवरचं, आमचं औषध. माझ्या पोटात गोळाच आला. तुम्हाला कुणी सांगितलं, विचारलं तर म्हणाले, "कुणी न्हाई, मागल्या टायमाला पैसे स्कॅन करताना वहीत दिसलं. पोरीचं नाव, पुढं बावची तेल."

क्यूआर कोडचं स्टँड मीच ठेवलेलं, औषधाच्या वहीला अगदी खेटून, म्हणजे पैसे आले की काउंटरवरच्या मावशींना लगेच लिहिता यावं. येणारा प्रत्येक माणूस मोबाईल घेऊन तिथं वाकत होता आणि वही उघडी. इतके महिने!

आणि आमच्या औषधांचं एक वेगळंच आहे. मेडिकलमधल्या गोळीचं लांबलचक नाव वाचून शेजाऱ्याला काही कळत नाही, पण बावची म्हटलं की आजीबाईला कळतं. औषधाचं नावच रोग सांगून मोकळं होतं. वास सांगतो, बाटली सांगते, आणि काउंटरवरून आमच्या मावशी मोठ्यानं सांगायच्या, "हे तेल डागावर लावायचं आणि थोडाच वेळ कोवळ्या उन्हात बसायचं, जास्त नाही हं, फोड येतात." सांगणं बरोबरच, बावचीनं त्वचा उन्हाला हळवी होते आणि आपल्या सोलापूरचं ऊन म्हणजे विचारायलाच नको. पण ते अख्ख्या बाकड्यानं ऐकायचं कशाला?

काकांना मला खूप काही सांगायचं होतं. कोड शिवल्यानं होत नाही, त्यानं संसाराला काही अडत नाही, बावची दुसऱ्याही त्वचारोगांत देतात. पण त्या क्षणी यातलं काहीही बोलले असते तरी ते तिच्याबद्दलचंच झालं असतं. गिळलं सगळं, आणि ते फार जड गेलं. एवढंच म्हटलं, "काका, तुम्ही वाचलंत ती चूक माझी. ते तुमच्यासाठी नव्हतं. हात जोडून सांगते, घरात बोलू नका." ते मान हलवून गेले. बोलले की नाही मला माहीत नाही.

दुपारी जेवण गेलं नाही. लोकांच्या खाजगी माहितीचा, म्हणजे डेटाचा कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. तो डिजिटल माहितीचा आहे, म्हणजे नुसती कागदी वही त्यात बसत नाही, पण त्याच वहीचा फोटो काढून मोबाईलमध्ये ठेवला की बसते. माहिती फुटली तर ज्याची त्याला कळवायचं, हेही त्यात आहे. वही आहे म्हणून मी सुटले असं मनाला पटेना. चरकसंहितेत, आमच्या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात, विमानस्थान या भागाच्या आठव्या अध्यायात शिष्याला बजावलंय की रोग्याच्या घरातलं बाहेर बोलू नको. बीएएमएसला, म्हणजे आयुर्वेदाच्या डिग्रीला असताना पाठ केलेलं.

मग त्या मुलीला फोन केला, तिनं स्वतःचा म्हणून दिलेल्या नंबरवर, घरच्या नाही. जे झालं ते सांगितलं. ती बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "मॅडम, घराजवळ दोन वैद्य आहेत. कुणी ओळखीचं भेटू नये म्हणून मी इतक्या लांब येत होते."

यावर काय बोलणार? माफी मागितली.

संध्याकाळीच स्टँड हलवलं, वही ड्रॉवरमध्ये गेली. वहीत आता नावाऐवजी केसपेपरचा नंबर असतो, बाटलीवर नंबर आणि कसं घ्यायचं तेवढंच. औषधाचं नाव केसपेपरवर, आणि पेशंटला हवं तर चिठ्ठीवर, दुमडून. वापर कसा करायचा ते मी आत, दार लावून सांगते. मावशींना रागावले नाही, त्यांना मीच कधी शिकवलं नव्हतं.

चार दिवसांनी ती आली. केसपेपरची झेरॉक्स मागितली, दिली. मग म्हणाली, माझ्या डागांचे फोटो तुमच्या मोबाईलमध्ये आहेत ना, दर महिन्याला काढायचात ते. मी तिच्यासमोर एकेक काढून टाकले, अकरा होते. ती शेजारी उभी राहून मोजत होती. झाल्यावर मोबाईल ठेवायला गेले तर म्हणाली, "ट्रॅशमधून पण काढा मॅडम, आणि व्हॉट्सॲपवर मी पाठवलेले दोन आहेत."