नुसता डोळा उरलेला बाप

साकाइमिनातोची गाडी जपानमधल्या योनागो स्टेशनात शून्य नंबरच्या फलाटावरून सुटते. डिझेलवर चालणारी छोटी गाडी, आणि तिच्या अंगावर भुतं रंगवलेली. जेमतेम १८ किलोमीटरचा फाटा, पण वाटेतल्या प्रत्येक स्टेशनाला खऱ्या नावाच्या जोडीला एकेका योकाईचं नाव दिलंय. योकाई म्हणजे भुतंखेतं, झाडापाण्यात राहणारे, जुन्या छत्रीत शिरलेले, सगळेच. विमानतळाचं स्टेशन बेतोबेतोसानचं. रात्री एकटं चालताना मागून पावलं वाजतात ना, ते हे महाशय. 'बेतोबेतोसान, तुम्ही व्हा पुढे' म्हटलं की मुकाट निघून जातात. इतकं समजूतदार भूत आमच्या कोकणात अजून कुणाला भेटल्याचं ऐकलं नाही.

साकाइमिनातो हे तोत्तोरी प्रांतातलं मासळीचं बंदर, खेकड्यांसाठी नावाजलेलं. चित्रकार मिझुकी शिगेरू इथे लहानाचा मोठा झाला. त्याच्या नावाच्या रस्त्यावर १९९३ साली २३ ब्राँझचे पुतळे बसवले, आता ते पावणेदोनशेच्या वर गेलेत. स्टेशनपासून संग्रहालयापर्यंत साधारण ८०० मीटर नुसती भुतांची रांग. पोरं त्यांच्या डोक्यावरून हात फिरवतात, आज्या शेजारी उभ्या राहून फोटो काढून घेतात. रस्त्यावरचे दिवेसुद्धा डोळ्याच्या आकाराचे. सगळी जत्रा, त्यामुळे पहिला तासभर हे सगळं मुळात किती दुःखाचं आहे ते लक्षातच येत नाही.

मिझुकीच्या मांगाचा, म्हणजे जपानी चित्रकथांचा, नायक कितारो, डावा डोळा नसलेला एक भुताचा पोरगा. त्याच्या जन्माची गोष्ट अशी: माणसांच्या आधीपासून असलेल्या भुतांच्या जमातीतलं एकच जोडपं उरलंय. नवऱ्याचं अंग रोगानं सडत चाललंय, बायको गरोदर. ती रक्तपेढीत रक्त विकते. ते रक्त चढवलेला रोगी भूत होतो, म्हणून पेढीतला एक कारकून चौकशी करत त्यांच्या पडक्या देवळात पोचतो. ती दोघं त्याच्याकडे एकच मागतात, मूल होईपर्यंत कुणाला सांगू नका. तो गप्प राहतो. पुढे बघतो तर दोघंही मेलेली. आईला तो पुरतो, आणि काही दिवसांनी त्या मातीतून तान्हं पोर वर येतं. बापाचं शरीर सडून गेलंय, पण पोराच्या काळजीनं त्याचा एक डोळा गळून पडतो, त्याला हातपाय फुटतात आणि तो चालू लागतो. पुढे सगळी मालिका हा डोळा पोराच्या केसांत बसून त्याला वाढवतो, सल्ले देतो आणि वाटीतल्या गरम पाण्यात अंघोळ करतो. पोराला डोळ्यात तेल घालून जपणारे बाप पुष्कळ पाहिलेत. हा तर डोळ्यापुरताच उरलाय.

संग्रहालयात मिझुकीचं स्वतःचं आयुष्य पाहिलं की हे कुठून आलं ते कळतं. दुसऱ्या महायुद्धात त्याला न्यू ब्रिटन बेटावर रबौलला धाडलं. त्याच्या तुकडीवर हल्ला झाला तेव्हा तो पहाऱ्यावर होता, म्हणून वाचला. जंगलातून कसाबसा परतला तर वरिष्ठांनी सुनावलं, बाकीचे मेले, तू का जिवंत आलास? नंतर मलेरियात पडलेला असताना बाँबहल्ल्यात डावा हात गेला. उरलेल्या एका हातानं त्यानं आयुष्यभर चित्रं काढली, २०१५ साली ९३व्या वर्षी जाईपर्यंत. मेलेल्यांना विसरणं त्याला जमलंच नाही, असं मला वाटतं. भुतं त्याच्याकडे नुसती खलनायक नसतात. 'स्मशानातला कितारो' हे आधीचं नाव मात्र टीव्हीवाल्यांना झेपलं नाही. ते बदललं, मग १९६८ साली मालिका पडद्यावर आली.

थडग्यात जन्मलेलं पोर ही कल्पना मात्र मिझुकीची नव्हे. १९३०च्या दशकातल्या कामिशिबाईत, म्हणजे रस्त्यावर चित्रं दाखवत गोष्ट सांगण्याच्या खेळात, कितारो आधीच होता. आणि त्याच्याही मागची लोककथा ऐकायला लांब जावं लागत नाही. योनागोला परत येऊन सानइन मार्गाची गाडी धरली की मात्सुए. तिथल्या नाकाबारा भागात दाइओजी देऊळ आहे, मागे दाटीनं उभी थडगी.

जवळच्या दुकानात रोज रात्री पांढऱ्या कपड्यातली एक फिकट बाई यायची, एका रिनची, म्हणजे जपानी दमडीची, मिझुआमे घ्यायची. मिझुआमे म्हणजे धान्याचा चिकट गोड पाक, दूध नसलं की तान्ह्यांना चाटवायचा. दुकानदार एका रात्री मागे गेला आणि ती स्मशानाकडे वळताच घाबरून परतला. दुसऱ्या रात्री तिनं काही न घेता त्याला नुसतं खुणावलं. सोबतीला माणसं घेऊन तो गेला, तर एका थडग्यापाशी ती नाहीशी झाली आणि आतून मूल रडल्याचा आवाज आला. उघडलं तर तीच बाई, मेलेली. शेजारी जिवंत पोर कंदिलाकडे बघून हसतंय, आणि पाकाची वाटी. १८९०-९१ मध्ये मात्सुएत इंग्रजी शिकवणाऱ्या लाफकादियो हर्ननं ही गोष्ट लिहून ठेवली. त्यालाही डाव्या डोळ्यानं दिसत नसे, हा निव्वळ योगायोग.

आपल्याकडे बाळंतपणात गेलेल्या बाईची हडळ होते आणि सगळ्यांनी तिच्यापासून पोरं लपवायची. जीव पोरात अडकला, हे दोन्हीकडे मान्य. पण तिला दुकानातून उधारी न करता रोज पैसे मोजून खाऊ आणू देणारे लोक मला जास्त आवडले.

२०२३ साली कितारोच्या बापावर एक चित्रपट आला. त्यात तो उंच, देखणा, हरवलेल्या बायकोला शोधत फिरणारा. रडू आणतो, नाही असं नाही. तरी मूळ मांगातला, एक शब्दही प्रेमाचा न बोलता चिखलातून पोराकडे सरकणारा तो ओलसर डोळा त्याहून भारी आहे. साकाइमिनातोला जाणार असाल तर चित्रपट नंतर पाहा, आधी ती चार पानं वाचा.