सायकलचे १००, धावण्याचे २१

आज १०० किलोमीटर सायकल पूर्ण केली, पाच तासांत! गेल्या महिन्यात २१ किलोमीटर धावले, तेव्हा दोन दिवस जिना उतरवत नव्हता. आज पाय ठीक आहेत, मान आणि तळहात मात्र अवघडलेत. धावताना प्रत्येक पावलाला वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार पायावर येतो, सायकलवर तो दणका नाही, आणि उतारावर पाय थांबवता येतात (हे सुख धावण्यात कुठलं!). पण शेवटचे २० किलोमीटर समोरून वारा होता. त्याने अक्षरशः दम काढला. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो, हे आज मांड्यांना कळलं. एक किलोमीटर धावणं म्हणजे तीन-चार किलोमीटर सायकल, असा ढोबळ हिशेब सांगतात. सपाट रस्त्यावर पटतो. वाऱ्यात अजिबात नाही.