पासबुकावर उमटलेली बातमी

ऑक्टोबर २०२४. विधानसभेची आचारसंहिता लागून आठवडा झालेला. एका सर्व्हे कंपनीचा टॅब घेऊन मी मंगळवेढा तालुक्यातल्या एका गावात दारोदार फिरत होतो. मतदार यादीतून काढून दिलेली नावं गाठायची, फॉर्म पूर्ण झाला तरच पैसे. त्यात ज्वारीच्या पेरण्यांचे दिवस, माणूस घरी सापडेल तर शपथ.

यादीतले एक आजोबा, एसटीचे निवृत्त ड्रायव्हर, सलूनात भेटले. दाढीला नव्हे, फुकटचा पेपर वाचायला आलेले. प्रश्न होता: राजकारणाची बातमी सगळ्यात जास्त कुठून कळते? पेपर, टीव्ही, मोबाईल, ओळखीची माणसं, इतर. उत्तर एकच घ्यायचं.

"एक कसं सांगू पाव्हणं? सकाळी नातू मोबाईलवर दावतो, ते निस्तं ऐकायचं. दहाला हितं पेपर. आन् छापलंय ते कुणाच्या बाजूनं, ते सांजच्याला पारावर."

मग पेपर कसा वाचायचा तेही त्यांनी शिकवलं. आधी जिल्ह्याच्या पानावरच्या जाहिराती बघायच्या, पहिलं पान शेवटी. "वाढदिवसाची पानभर जाहिरात कुणाची हाय बगा. पुढं पंधरा दिवस त्याच्याविरुद्ध एक ओळ येत न्हाई." मला काय सांगता, आजोबा! दोन वर्षं मीही तालुक्याचा बातमीदार होतो. मानधन नावाला, पोट जाहिरातीच्या कमिशनवर. ते काही मी बोललो नाही. 'पेपर' दाबलं आणि उठलो.

पुढचं नाव त्याच गल्लीतल्या एका ताईंचं. राजकारणात रस किती? "आमाला काय कळतंय त्यातलं? मालकांना इचारा." मी 'अजिबात नाही' दाबलं. ते दाबलं की ॲप बातम्यांचे सगळे प्रश्न गाळतं. खरं सांगायचं तर बरंच वाटलं.

चहा देता देता ताई बोलायला लागल्या. लाडक्या बहिणीचे ऑक्टोबर-नोव्हेंबरचे हप्ते एकदमच पडले, तीन हजार, आचारसंहितेच्या आधी. आधार बँकेला जोडलेलं नाही म्हणून गल्लीत कुणाकुणाचे अडकलेत. पुढचे हप्ते कोण निवडून येतंय त्यावर. सगळं तोंडपाठ.

"हे कुठनं कळलं, ताई?"

"गटातल्या बायकांच्या ग्रुपवर आलतं. पर तिथं कायबी येतंय ओ. मी बँकेत जाऊन पासबुक भरून आणलं. त्याच्यावर उमटलं की खरं."

मी टॅबवर मागं गेलो, 'अजिबात नाही' खोडलं, गाळलेले प्रश्न विचारले. बातमी कुठून कळते? इतर. तपशील: पासबुक.

संध्याकाळी स्टँडवर बसलो असताना सुपरवायझरचा फोन.

"पासबुक काय लिहिलंयस? बातमीचं विचारलंय."

मी सगळं सांगितलं.

"बँकेचा मेसेज मोबाईलवरच येतो ना? मोबाईल कर. नाहीतर फॉर्म बाद होईल."

केलं. शेवटची गाडी लागली होती.