चांगला पाय

मी फिजिओथेरपिस्ट. लहानपण कोल्हापुरात शिवाजी पेठेत गेलं, नोकरी सध्या इंग्लंडात, लँकशायरमधल्या प्रेस्टनला. ऑपरेशन करून घरी सोडलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या घरी जायचं, त्यांना चालवायचं, जिना शिकवायचा, हे माझं काम. दिवसाला सहा घरं. प्रत्येक घराला पाऊण तास, त्यातली दहा मिनिटं टॅबलेटवर फॉर्म भरण्यात जातात.

त्या आजी 86 वर्षांच्या. इथे सगळ्यांना नावानेच हाक मारायची रीत आहे, पण माझ्या मनात त्या आजीच. उजवा खुबा बदललेला, जखम छान भरलेली, वॉकर घेऊन घरभर फिरायच्या. फक्त जिन्याचं नाव काढलं की, "उद्या बघू, लव्ह." (हे 'लव्ह' इथल्या म्हाताऱ्या बायका बसड्रायव्हरलासुद्धा लावतात, त्यामुळे विरघळायचं कारण नाही.) झोपायची खोली वर, आणि बाई तीन आठवडे खालीच सोफ्यावर झोपत होत्या. तिसऱ्या भेटीनंतर मी शेरा मारून मोकळी झाले: रुग्णाला व्यायामाचा उत्साह नाही.

चौथ्या भेटीला मी हट्टच धरला. जिन्याचा नियम आम्ही कॉलेजात पहिल्या वर्षी शिकतो: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. उजवा खुबा बदललाय म्हणजे डावा पाय चांगला, सरळ हिशेब. मी मागे उभी राहिले. आजींनी डावा पाय पायरीवर ठेवला, भार दिला, आणि तो चांगला पाय गुडघ्यात लटकन दुमडला. कठडा हातात होता म्हणून निभावलं. त्यांना धरून पायरीवर बसवलं आणि मीही खालच्या पायरीवर बसले, कारण माझेच पाय लटपटत होते.

मग जे पहिल्या दिवशी करायचं ते केलं. पँट वर सारून डावा गुडघा बघितला. वाटीच्या आतल्या अंगाला बोटभर लांब पांढरा व्रण, इतका जुना की सुरकुत्यांतलीच एक सुरकुती वाटावी. आमच्या धंद्यातल्या माणसाला तो लगेच ओळखू येतो. दुर्बिणीच्या शस्त्रक्रिया यायच्या आधी गुडघ्यातली गादी फाटली की चीर देऊन अख्खी काढून टाकत. पेशंट दीड-दोन महिन्यांत चालू लागायचा आणि पुढच्या वीस-तीस वर्षांत हाडावर हाड घासून सांधा झिजायचा. मी तळहात ठेवून गुडघा हलवला, तर जात्यात खडा आल्यासारखी करकर. मांडीचा पुढचा स्नायूही पार उतरलेला.

"हे कशानं झालं?"

"फुटबॉल."

मी हसले. हसायला नको होतं. फॉर्ममध्ये 'पूर्वी खेळताना झालेली दुखापत' असा रकाना आहे, आणि तिथे मी न विचारताच 'नाही'वर बोट टेकवलं होतं. तेही मी, पेठेतली मुलगी! कोल्हापुरात फुटबॉलच्या टीम तालमींच्या असतात; शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार तालमींचा सामना असला की आमच्याकडे जेवणाची वेळ त्यावर ठरायची. इंटर्नशिपला गुडघा धरून आलेल्या प्रत्येक पोराला पहिला प्रश्न असायचा, कुठल्या तालमीकडनं खेळतोस? बाईला हा प्रश्न मी जन्मात विचारला नव्हता. आता विचारला.

"डिक, केर," आजी म्हणाल्या.

प्रेस्टनमध्ये राहून हे नाव ठाऊक नाही असं होत नाही. डिक, केर हा इथला ट्रामगाड्यांचा कारखाना. पहिल्या महायुद्धात तिथे दारूगोळा बनायला लागला, पुरुष आघाडीवर गेले आणि यंत्रांवर मुली आल्या. जेवणाच्या सुट्टीत अंगणात बॉल मारता मारता त्यांची टीम झाली. 1917 च्या नाताळात डीपडेलच्या मैदानावर त्यांचा पहिला मोठा सामना झाला, जखमी सैनिकांच्या इस्पितळाच्या मदतीसाठी. 10,000 माणूस आलं. तीन वर्षांनी बॉक्सिंग डेला, म्हणजे नाताळच्या दुसऱ्या दिवशी, लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर 53,000 लोक आत आणि हजारो फाटकाबाहेर. त्याच महिन्यात डीपडेलला रात्रीचा सामना झाला. लष्कराचे सर्चलाइट मागून आणले होते, आणि अंधारात दिसावा म्हणून बॉलला चुना फासत होते.

आणि 5 डिसेंबर 1921 ला इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने ठराव केला की हा खेळ बायकांना मुळीच योग्य नाही, आपल्या क्लबांनी त्यांना मैदानं देऊ नयेत. धर्मादायाच्या पैशातला फार मोठा वाटा खर्चात जातो, अशीही तक्रार त्यात होती. पण लोकांच्या गळी उतरलं ते शरीराचं कारण. लंडनमधल्या हार्ली स्ट्रीटच्या मेरी शार्लीब या नामांकित डॉक्टरीणबाईंनीही हा खेळ बाईच्या देहाला झेपणारा नाही असं मत दिलं. मला ते फार लागलं, कारण या त्याच बाई, ज्यांनी 1870 च्या दशकात मद्रासच्या मेडिकल कॉलेजात बायकांना शिरकाव नसताना जाऊन शिक्षण घेतलं. गुडघे पुरुषांचेही फुटतात. कोल्हापुरात मी डझनांनी बघितलेत. म्हणून तालमी बंद करा असं कुणी म्हणालं नाही.

बंदी पन्नासेक वर्षं टिकली. टीमही पुष्कळ वर्षं टिकली. 1926 पासून नाव प्रेस्टन लेडीज झालं, तरी लोकांच्या तोंडी जुनंच राहिलं. तिची सगळ्यात गाजलेली खेळाडू लिली पार, डावी विंगर, चौदा-पंधराव्या वर्षी टीममध्ये आली आणि 1951 पर्यंत खेळली.

आजी त्यानंतरच्या. 1955 ला सतरा वर्षांच्या असताना सूतगिरणीतून थेट टीममध्ये. पहिल्या दिवसापासून टीम सांभाळणारे कारखान्यातले अल्फ्रेड फ्रँकलंड तेव्हाही होते. खेळायचं कुठे? बागेत, जत्रेच्या मैदानात, जिथे असोसिएशनचा हात पोचत नाही तिथे. "तरी आमचं बरं होतं," आजी म्हणाल्या. मँचेस्टरच्या कोरिंथियन्स टीमच्या मुली फॉग लेन पार्कात खेळायच्या आणि अंगावरचा चिखल तिथल्या बदकांच्या तळ्यात धुवायच्या, हे सांगताना त्यांना इतकं हसू आलं की मला खुब्याची काळजी वाटायला लागली.

1958 मध्ये अशाच एका मैदानात त्यांचा पाय खड्ड्यात रुतला आणि शरीर वळलं. आतून फट्ट आवाज आला. इस्पितळात डॉक्टरने विचारलं, कशी पडलीस?

"काय सांगितलंत?"

"जिन्यावरून."

"का?"

"तो म्हणाला असता, बघ, आम्ही सांगत होतोच."

जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसून त्यांनी हे सांगितलं. पुढच्या घरून दोन फोन येऊन गेले होते. मी उचलले नाहीत.

आजी परत खेळल्या नाहीत. 1965 मध्ये टीमही मोडली, मुली मिळेनात म्हणून. बंदी उठलेली बघायला टीम उरलीच नव्हती.

मी फॉर्म पुन्हा उघडला. उत्साहाचा शेरा खोडला. 'नाही'चं 'हो' केलं, तर खाली पर्याय उघडले: हौशी, क्लब, व्यावसायिक. आजींना विचारलं, काय लिहू?

"लेफ्ट हाफ लिही."

ही त्यांची मैदानातली जागा. तसा पर्याय नव्हता. शेऱ्याच्या चौकटीत लिहिलं.

मग बेत बदलला. भिंतीच्या बाजूला दुसरा कठडा मागवला. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून टाच उचलायची आणि पाय शेवटपर्यंत सरळ ताणायचा, असा व्यायाम दिला. चारदा केल्यावर त्या म्हणाल्या, ही तर किक आहे, आधी का नाही सांगितलंस? त्यानंतर मोजायची गरज पडली नाही. उलट थांबा म्हणावं लागायचं.

कठडा बसायला दोन आठवडे गेले. दोन्ही पाय दुखरे, मग आधी कुठला टाकायचा याचं उत्तर कॉलेजच्या नियमात नाही. आम्ही नव्या खुब्याचा पाय 'चांगला' ठरवला. दोन्ही हात कठड्यांवर, एकेका पायरीला थांबत, आजी तेराच्या तेरा पायऱ्या चढल्या. आपल्या पलंगावर बसल्या, उशी थोपटली.

मी म्हटलं, आता उतरायचं बघू या.

"उद्या बघू, लव्ह."