सीजीनॅटच्या आड अडकलेलं गावचं घर : माझा अनुभव

गावी गोठ्यात आणि विहिरीवर कॅमेरे आहेत. त्यांचं रेकॉर्डिंग घरातल्या रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर साठतं. कुठल्याही कंपनीच्या क्लाउडवर न टाकता ते मला पुण्यातून बघायचं होतं.

घरातलं काम सोपं होतं. वीज जाऊन आली की राउटर कधीकधी पायला नवाच आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) द्यायचा. राउटरच्या यादीत बऱ्याच उपकरणांना नावच नव्हतं, पण मॅक ॲड्रेसची (उपकरणाच्या हार्डवेअर क्रमांकाची) सुरुवात बी८-२७-ईबी दिसली आणि पाय सापडला, कारण हे पहिले सहा अंक-अक्षरं उत्पादकाची असतात. त्या मॅकसाठी १९२.१६८.१.५० राखून ठेवला.

मग पोर्ट फॉरवर्डिंग केलं, म्हणजे बाहेरून आलेली मागणी पायकडे पाठवायला राउटरला सांगितलं. घरच्या वायफायवर सगळं उघडायचं, पुण्याहून काहीच नाही. कस्टमर केअरचं उत्तर ठरलेलं : "सर, राउटर रीस्टार्ट करा."

शेवटी राउटरला कंपनीकडून कुठला पत्ता मिळालाय ते बघायला गावी अप्पांना फोन लावला. "अप्पा, राउटरच्या पानावर 'वॅन आयपी' लिहिलंय, त्याच्यापुढचे आकडे वाचा."

"शंभर, टिंब, ब्याऐंशी, टिंब…"

तिथेच उलगडा झाला. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे पत्ते २०१२ साली खास इंटरनेट सेवा पुरवणाऱ्यांच्या आतल्या जाळ्यासाठी राखून ठेवले गेले. खात्री करायला अप्पांना आपला आयपी दाखवणारी साइट उघडायला लावली. "हा तर वेगळाच आहे रे!" म्हणजे बाहेर दिसणारा पत्ता आमच्या राउटरचा नव्हताच, कंपनीच्या यंत्राचा होता, आणि तो आमच्यासारख्या अनेक घरांत वाटलेला होता. एका पत्त्याआड अनेक उपकरणं चालवणं म्हणजे नॅट, आणि कंपनीच्या पातळीवरच्या या नॅटला सीजीनॅट म्हणतात. घरातून बाहेर गेलेल्या मागणीचं उत्तर बरोबर परत येतं, कारण त्या यंत्राकडे तिची नोंद असते. बाहेरून आपणहून आलेलं पॅकेट कुठल्या घरी द्यायचं, हे मात्र त्याला कळायला मार्ग नाही. माझं पोर्ट फॉरवर्डिंग त्याच्या पलीकडे, आमच्या राउटरवर होतं.

कंपन्या हे हौसेने करत नाहीत. आयपीव्ही४ या जुन्या पत्तापद्धतीत पत्तेच जेमतेम ४३० कोटी, आणि जागतिक साठ्यातले शेवटचे गट फेब्रुवारी २०११ मध्येच वाटून झाले. पण कनेक्शन देताना ग्राहकाला हे स्पष्ट सांगायलाच हवं, असं माझं ठाम मत आहे. मला ते कुणीच सांगितलं नव्हतं. स्टॅटिक, म्हणजे फक्त आपला आणि न बदलणारा, आयपी हवा तर दरमहा वेगळे पैसे, एवढंच कळलं.

वाट अप्पांनीच दाखवली. "खाली अजून एक लांबलचक आहे, त्यात एबीसीडी पण आहे." तो आयपीव्ही६ या नव्या पद्धतीचा पत्ता! इथे १२८ बिट असतात, त्यामुळे घरातल्या प्रत्येक उपकरणाला जगभर चालणारा स्वतःचा पत्ता मिळतो आणि नॅटची गरजच उरत नाही.

पायलाही तसा पत्ता आधीच मिळालेला होता. राउटरची फायरवॉल बाहेरून येणारं सगळं अडवत होती, आणि ते योग्यच आहे. ती सरसकट बंद करू नका. मी फक्त पायसाठी वायरगार्ड या व्हीपीएनचा (सुरक्षित खासगी जोडणीचा) ५१८२० हा यूडीपी पोर्ट उघडला. ज्याच्याकडे योग्य डिजिटल किल्ली नाही, त्याला वायरगार्ड उत्तरच देत नाही. कॅमेरे त्याच्या आत राहिले, थेट इंटरनेटवर आले नाहीत.

एक अडचण उरली होती. कंपनी पत्त्याचा सुरुवातीचा भाग अधूनमधून बदलते. पायवर एक छोटी स्क्रिप्ट टाकली. पत्ता बदलला की ती माझ्या डोमेनच्या डीएनएसमधली (नावावरून पत्ता सांगणाऱ्या यादीतली) एएएए, म्हणजे आयपीव्ही६ पत्त्याची, नोंद बदलते. फोनमध्ये आता आकडे नाहीत, नुसतं नाव आहे.

मोबाइल डेटावर गोठा लगेच दिसतो. ऑफिसच्या वायफायवर अजून आयपीव्ही६ नाही, त्यामुळे तिथे वायफाय बंद करून बघावं लागतं. आमच्या नेटवर्कवाल्यांकडे आयपीव्ही६ सुरू करण्याची मागणी लेखी दिली आहे.