लेकीचा पहिला खो

आमची आठ वर्षांची लेक खो-खोच्या सरावाला जाऊ लागल्यापासून घरातली संध्याकाळ पार बदलून गेली आहे. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेला पहिला खो-खो विश्वचषक भारतीय महिलांनी प्रियांका इंगळे यांच्या नेतृत्वाखाली जिंकला, तेव्हापासून तिने हा ध्यास घेतला होता. आठ जणींनी एकीआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून बसायचे, खो मिळाल्यावरच उठायचे, आणि धावताना घेतलेली दिशा खुंटापर्यंत बदलायची नाही, हे सारे तिला तोंडपाठ आहे. तरीही पहिल्या सामन्यात खो मिळण्याआधीच ती उठली, पंचांची शिट्टी वाजली आणि तिचे डोळे भरून आले. धावण्यापेक्षा आपली पाळी येईपर्यंत सावध बसून राहणेच लहान मुलांना अधिक अवघड जाते, असे मला मनापासून वाटते.

दुसऱ्या दिवशी रविवार होता, म्हणून आम्ही सगळे पर्वतीवर गेलो. चार वर्षांचा धाकटा निम्म्या वाटेवरच थकून पायरीवर बसला, तेव्हा ताईने मागून त्याच्या पाठीवर हलकेच थाप मारून "खो!" म्हटले, आणि तो खरोखरच उठून वर धावत सुटला.